गाडी का विकताय, ताई?



शनिवारी सकाळी स्टॅनमोरच्या आमच्या घरी फोन वाजला की सहसा दोनपैकी एक कारण असतं. एक तर पुण्याहून आई, नाहीतर इथे नव्यानंच आलेलं कुणीतरी मराठी माणूस, ज्याला गाडी घ्यायची आहे. मी काही गाड्यांची जाणकार नाही. माझं शास्त्र प्रथिनांचं, आणि बॉनेट उघडून मला फार तर तेलाची कांडी सापडते. पण या देशात वीसेक वर्षं झाली, चार जुन्या गाड्या घेऊन आणि तीन विकून झाल्या, त्यामुळे लोक विचारतात. आणि लोकांना हवी असते ती गाडी बहुतेक वेळा एकाच जातीची असते: दहा-पंधरा वर्षं जुनी, जरा उंच, पाच माणसं आणि भारतातून आलेल्या आईवडिलांच्या चार बॅगा मावतील अशी. होंडा सीआरव्ही, टोयोटा राव्हफोर, निसान कश्काई. जीप नाही आणि साधी मोटारही नाही, अशी ही मधली जात, जिला क्रॉसओव्हर म्हणतात.

या फोनवर येणारे प्रश्न आता मला पाठ झालेत. ते आणि त्यांची उत्तरं एकदा लिहून काढावीत, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगायला नको, एवढ्याच हेतूनं लिहायला बसले होते. लिहिता लिहिता एका प्रश्नाशी अडले. तो शेवटी येईल.

पहिला प्रश्न: किती चालली आहे?

हा प्रश्न सगळेच आधी विचारतात. एक लाख मैल म्हटलं की समोरचा गप्प होतो. खरं तर आकड्यापेक्षा ते मैल कसे झाले हे महत्त्वाचं. मोटरवेवर लांबच्या लांब धावलेली लाख मैलांची गाडी, शाळा आणि सुपरमार्केटच्या खेपा केलेल्या साठ हजार मैलांच्या गाडीपेक्षा धडधाकट असू शकते. डिझेल असेल तर हे दुप्पट खरं. डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी एक गाळणी असते, डीपीएफ. ती साठलेली काजळी इंजिन चांगलं तापल्यावर जाळून टाकते. गाडी रोज दीड मैल जाऊन थांबत असेल तर ती कधी पुरती तापतच नाही, गाळणी तुंबते, आणि नवी बसवायचा खर्च कधी कधी गाडीच्या किमतीला जाऊन भिडतो.

मैलांचा आकडा खरा की फिरवलेला, हे पाहायची इथे फुकट सोय आहे. सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की २००५ पासूनच्या तिच्या सगळ्या एमओटी तपासण्या दिसतात: कधी पास झाली, कधी नापास, त्या दिवशी किती मैल झाले होते आणि तपासणाऱ्यानं काय शेरे मारले. नापासापेक्षा शेरे वाचा. 'ब्रेकचे पाइप गंजू लागलेत' हा शेरा तीन वर्षं सलग असेल तर मालकानं तीन वर्षं काय केलं ते आपोआप कळतं. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते गाडीचं पोट खातं. वरून चकचकीत गाडीच्या खाली वाकून बघायची लाज वाटू देऊ नका.

प्रयोगशाळेत आम्ही जुना सेंट्रिफ्यूज घेतो तेव्हा आधी त्याच्या रोटरची वही मागतो. किती वेळा फिरला, किती वेगानं, सगळं तिच्यात असतं, कारण रोटरचं आयुष्य मोजलेलं असतं. वही नसलेला रोटर कितीही स्वस्त मिळाला तरी घेत नाही. गाडीच्या सर्व्हिस बुकला हाच नियम लावा.

दुसरा प्रश्न: पेट्रोल की डिझेल?

हा प्रश्न आता लंडनमध्ये जिभेवर सगळ्यात आधी यायला हवा, पण नव्या माणसाला त्याचं कारणच ठाऊक नसतं. म्हणून थोडा इतिहास.

२००१ साली या देशानं गाड्यांचा वार्षिक कर कार्बन डायऑक्साइडवर ठरवायला सुरुवात केली. डिझेल इंजिन त्याच अंतराला कमी इंधन जाळतं, म्हणून त्याचा कर कमी आला. त्या वेळी नव्या गाड्यांत डिझेल साधारण पाचात एक होती. दहा-अकरा वर्षांत ती निम्म्यावर गेली. लोकांना वाटलं, खिशालाही बरं आणि पृथ्वीलाही. नायट्रोजन डायऑक्साइड आणि बारीक काजळी या हिशेबात कुणी धरलीच नव्हती. ती वरच्या आकाशात जात नाही, फुटपाथवरच्या माणसाच्या छातीत जाते. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनची लबाडी उघड झाली: तपासणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारी आज्ञावली. तिथून डिझेलचे दिवस फिरले.

लंडनच्या हवेची किंमत एका मुलीच्या नावावर लिहिली गेली आहे. एला अडू-किसी-डेब्रा. दक्षिण लंडनमध्ये लुइशमला, वाहत्या साउथ सर्क्युलर रस्त्याच्या जवळ राहायची. फेब्रुवारी २०१३ मध्ये दम्यानं ती गेली, तेव्हा नऊ वर्षांची होती. तिच्या आईनं पाठपुरावा सोडला नाही, आणि डिसेंबर २०२० मध्ये कोरोनरनं निकाल दिला की मृत्यूच्या कारणांत हवेच्या प्रदूषणाचाही वाटा होता. या देशात असा निकाल पहिल्यांदा आला.

लंडनचा 'यूलेझ', म्हणजे अतिकमी धुराचा विभाग, २०१९ मध्ये शहराच्या मध्यभागी सुरू झाला. २०२१ मध्ये तो नॉर्थ आणि साउथ सर्क्युलर रस्त्यांपर्यंत वाढला आणि २९ ऑगस्ट २०२३ ला लंडनच्या सगळ्या बरोंमध्ये आला, आमच्या हॅरोसकट. नियम थोडक्यात असा: पेट्रोल गाडी युरो ४ दर्जाची हवी, डिझेल युरो ६. व्यवहारात याचा अर्थ २००६ पासूनच्या बहुतेक पेट्रोल गाड्या चालतात, काही त्याआधीच्याही. डिझेल मात्र साधारण सप्टेंबर २०१५ नंतरचीच. म्हणजे २००६ ची पेट्रोल सीआरव्ही बिनधास्त फिरेल आणि २०१३ ची डिझेल, सात वर्षांनी तरुण असूनही, दिवसाला साडेबारा पौंड मोजेल. 'नवी म्हणजे स्वच्छ' हा आपला अंदाज इथे साफ चुकतो. ट्रान्सपोर्ट फॉर लंडनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की अर्ध्या मिनिटात उत्तर मिळतं. पैसे ठेवण्याआधी ते अर्धं मिनिट घालवा.

तिसरा प्रश्न: खर्च काय निघेल?

इंजिनात टायमिंग बेल्ट आहे की चेन, हे विचारा. बेल्ट ठरावीक मैलांनी बदलावाच लागतो. नाही बदलला आणि तुटला तर बहुतेक इंजिनांचा कारभार आटोपतो. सीआरव्हीच्या पहिल्या पिढीच्या पेट्रोल इंजिनात बेल्ट होता, दुसऱ्या पिढीपासून चेन आली. चारही चाकांना जोर देणारी गाडी असेल तर मागच्या डिफरन्शियलचं तेल कधी बदललं ते विचारा. रिकाम्या कार पार्कमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू फिरवा. मागून घरघर आली तर समजा, ते तेल कुणी बघितलेलं नाही. चारही टायर सारखे झिजलेत का बघा. एसी थंड करतो का ते डिसेंबरातही लावून बघा. आणि गाडी सकाळी गार असताना पाहायला जा. तुम्ही पोचण्याआधीच कुणी ती चालू करून तापवून ठेवली असेल तर का, ते हसत हसत विचारा.

उंच गाडीचा एक वेगळा ताप आहे. तिच्या पोटाखाली शिरायला जागा असते, म्हणून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोरणाऱ्यांना ती सोपी जाते. त्यातलं पॅलेडियम आणि ऱ्होडियम त्यांना हवं असतं. रात्री गाडी कुठे उभी राहणार आहे, याचाही विचार घेण्याआधीच करा.

वार्षिक कराची एक तारीख लक्षात ठेवा: २३ मार्च २००६. त्या तारखेपासून पुढे नोंदलेली आणि जास्त कार्बन सोडणारी, म्हणजे किलोमीटरला २२५ ग्रॅमच्या वरची गाडी असेल तर कर खूपच मोठा आहे. तीच गाडी त्याच्या आदल्या दिवशी नोंदलेली असेल तर करावर मर्यादा आहे. एकाच कारखान्यातल्या, एकाच रंगाच्या दोन गाड्यांत वर्षाला काही शे पौंडांचा फरक पडतो. शिवाय ऑक्टोबर २०१४ पासून विकणाऱ्यानं भरलेला कर गाडीबरोबर तुमच्याकडे येत नाही. तुमचा तुम्हाला पहिल्या दिवसापासून भरावा लागतो.

चौथा प्रश्न: कागदपत्रं कोणती?

लॉगबुक म्हणजे व्ही५सी. त्यावर 'नोंदलेला रखवालदार' कोण ते असतं. मालक कोण ते नसतं, आणि तसं त्यावरच छापलेलं आहे. गाडीवर कर्ज बाकी असेल तर ती कर्ज देणाऱ्या कंपनीची. म्हणून थोडे पौंड खर्चून कर्जाची, चोरीची आणि अपघाताची तपासणी करून घ्या. विमा कंपनीनं एकदा मोडीत काढून पुन्हा रस्त्यावर आलेल्या गाड्यांना २०१७ पासून एस आणि एन असे वर्ग आहेत. एस म्हणजे सांगाड्याला मार बसलेला होता. अशी गाडी घेऊच नये असं नाही, पण माहीत असून घ्यावी, आणि किंमत त्या मानानं पाडून.

भारताचं लायसन्स इथे राहायला आल्यापासून १२ महिने चालतं. त्यानंतर इथली परीक्षा द्यावीच लागते. विम्याचा आकडा गाडी ठरवण्याआधी काढा. गाडीपेक्षा पहिल्या वर्षाचा विमा महाग, हे मी दोनतीन घरांत पाहिलं आहे.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं: गाडी डीलरकडून घेताय की घरगुती माणसाकडून? डीलरकडून घेतली तर २०१५ चा ग्राहक हक्क कायदा तुमच्या बाजूला आहे. गाडी समाधानकारक दर्जाची हवी, आणि दोष निघाला तर पहिल्या ३० दिवसांत परत देऊन पैसे मागता येतात. घरगुती विक्रीत यातलं फारसं काही नाही. गाडी वर्णनाप्रमाणे हवी आणि रस्त्यावर चालवायला धोकादायक नसावी, एवढंच. विचारलेल्याचं खोटं उत्तर देता येत नाही. पण न विचारलेलं आपणहून सांगायचं बंधन विकणाऱ्यावर नाही. घेणाऱ्यानं सावध राहावं, असा जुना न्याय.

पाचवा प्रश्न

इथवर सगळं सोपं होतं. आता ज्या प्रश्नाशी मी अडले तो.

आमच्याकडे २००९ ची एक डिझेल क्रॉसओव्हर होती. २०१३ मध्ये घेतली, डिझेल बरी अशा त्या काळच्या समजुतीनं, आणि दहा वर्षं वापरली. २५ नोव्हेंबर २०२२ ला महापौर सादिक खान यांनी यूलेझ सगळ्या लंडनला लावणार असं जाहीर केलं. त्या रात्रीच मी आमच्या गाडीचा नंबर संकेतस्थळावर टाकून पाहिला. उत्तर अपेक्षेप्रमाणेच आलं. गाडी काढायची ठरली.

२०२३ च्या मे महिन्यात एका ओळखीच्या घरून फोन आला. सांगली जिल्ह्यातली एक नर्स, नवरा, तीन वर्षांची मुलगी. जानेवारीत आलेले, वॉटफर्डला भाड्यानं राहतात, तिची नोकरी आमच्या भागातल्या एका रुग्णालयात. गाडी हवी आहे. रविवारी तिघं आले. मी पोहे केले. मुलगी डिकीत बसून खेळली. नवऱ्यानं किती चालली ते विचारलं, एमओटी विचारली, खर्च काय निघेल ते विचारलं. मी सगळं खरं सांगितलं. क्लच दोन वर्षांपूर्वी बदललाय, मागचा डावा दरवाजा जरा अडतो. २,२०० पौंड ठरले.

निघताना तिनं विचारलं, "गाडी तर चांगली आहे. मग का विकताय, ताई?"

मी म्हटलं, "मुलं मोठी झाली. आता छोटी गाडी पुरते."

हे खरं होतं. आम्ही छोटी पेट्रोल गाडी घेणार होतो. पण ते कारण नव्हतं.

मनाशी मी काय म्हटलं तेही सांगते, कारण अशा वेळी शिकलेलं मन फार चपळ असतं. म्हटलं, हे वॉटफर्डला राहतात, वॉटफर्ड लंडनच्या बाहेर आहे. म्हटलं, आमच्या हॅरो कौन्सिलसकट पाच कौन्सिलं कोर्टात गेली आहेत, कदाचित हे सगळं रद्दच होईल. म्हटलं, बातम्यांत रोज चालू आहे, त्यांना ठाऊक असणारच. तिची नोकरी कुठे आहे ते मला चांगलं माहीत होतं. स्टॅनमोर हिल चढून कॉमन ओलांडलं की बुशी हीथ येतं आणि हर्टफर्डशर सुरू होतं. तिचं घर त्या बाजूला आणि काम या बाजूला.

२८ जुलैला हायकोर्टानं कौन्सिलांचा दावा फेटाळला. त्याच्या आठवडाभर आधी अक्सब्रिजची पोटनिवडणूक याच मुद्द्यावर ४९५ मतांनी फिरली होती. २९ ऑगस्टला कॅमेरे सुरू झाले. सप्टेंबरच्या मध्यावर तिचा फोन आला. वॉर्डातल्या कुणीतरी तिला सांगितलं होतं.

तिचा हिशेब मी त्याच फोनवर केला. ती आठवड्याला सलग तीन रात्रपाळ्या करायची. यूलेझचा दिवस मध्यरात्री ते मध्यरात्र मोजतात. सोमवारी रात्री जाऊन मंगळवारी सकाळी परत यायचं म्हणजे दोन दिवसांचे पैसे. तीन रात्रींना चार दिवस, म्हणजे ५० पौंड. वर्षाचे ४६ आठवडे धरले तर २,३०० पौंड. मी तिला विकलेल्या गाडीच्या किमतीपेक्षा शंभर जास्त. आणि मुदतीत भरले नाहीत तर दंड १८० पौंड, चौदा दिवसांत भरला तर निम्मा.

जुनी गाडी मोडीत काढायला लंडनकरांसाठी योजना होती. ऑगस्ट २०२३ मध्ये ती सगळ्या लंडनकरांना खुली झाली, गाडीमागे २,००० पौंड. सप्टेंबर २०२४ मध्ये ती बंद झाली. पण ती लंडनमध्ये राहणाऱ्यांसाठी होती, वॉटफर्डकरांसाठी नव्हती. म्हणजे मी तीन महिने गाडी ठेवली असती तर जवळपास तेवढेच पैसे मला मिळाले असते, आणि गाडी कुणाच्याच गळ्यात पडली नसती.

हिशेब ऐकून ती थोडा वेळ गप्प होती. मग तिनं एवढंच विचारलं, "ताई, तुम्हाला हे माहीत होतं?"

मी हो म्हटलं. त्या दिवशी एवढं एकच मी धडपणे केलं.

कायदा आणि आपण

कायद्यानं माझ्यावर बोट ठेवता आलं नसतं. तिनं यूलेझबद्दल विचारलं नव्हतं, मी खोटं वर्णन केलं नव्हतं. पण माझ्या धंद्यात दुसरा नियम आहे. निष्कर्ष बदलेल अशी एखादी नोंद माझ्याकडे आहे आणि मी ती शोधनिबंधात घातली नाही, तर 'परीक्षकानं विचारलंच नाही' हे उत्तर चालत नाही. त्याला गैरवर्तन म्हणतात. हाताखालच्या विद्यार्थ्यांना मी हे दर वर्षी शिकवते. आणि रविवारी पोह्यांची बशी पुढे करताना विसरते.

आपल्यातले बरेच जण म्हणतील, एवढं काय, एक गाडीच ना. मला वाटतं, गोष्ट गाडीपुरती नाही. आपल्या गाड्या कुणाकडे जातात ते बघा. आपण नवी किंवा जवळपास नवी घेतो. आपली जुनी जाते नंतर आलेल्याकडे: नर्स, केअर होममध्ये काम करणारे, विद्यार्थी, दुकानात उभे राहणारे. त्यांची जाते आणखी नंतर आलेल्याकडे. गावाकडच्या स्वयंपाकघरात एकावर एक रचलेल्या मडक्यांची उतरंड असते, तशी ही उतरंड आहे. नवा नियम येतो, वरच्यांना त्याची कुणकुण आधी लागते, आणि ते नेमके त्याच वेळी मडकं खाली सरकवतात. उतरंड हा शब्द आपण समाजाबद्दल बोलताना किती वेळा वापरतो! आपल्या ड्राइव्हवेमध्येही ती असते हे मला २०२३ पर्यंत दिसलं नव्हतं.

उलट अर्थ काढू नका. मी यूलेझच्या बाजूची आहे, तेव्हाही होते. हवा स्वच्छ व्हायलाच हवी, आणि नऊ वर्षांच्या मुलीच्या फुप्फुसांपुढे माझ्या गाडीची फेरविक्री किंमत ही काही दलील नाही. पण जो नियम मला न्याय्य वाटत होता त्याचा माझ्या वाटणीचा खर्च मी दुसरीच्या पदरात टाकला आणि मतं मात्र स्वतःकडे ठेवली. स्वच्छ हवेच्या बाजूनं बोलणाऱ्या आपल्यासारख्यांनी निदान एवढं तपासावं की बिल कुणाच्या घरी गेलं.

जुन्या गाडीबद्दल माझं वैरही नाही. नवी गाडी बनवतानाच पुष्कळ कार्बन जातो. सुस्थितीतली जुनी पेट्रोल गाडी थोडीच वापरायची असेल, तर ती घेणं हा शहाणपणाचाच निर्णय आहे. स्टॅनमोरला ज्युबिली लाइनचं टोक आहे, बस आहेत. गाडी आठवड्यातून दोनदा लागत असेल तर वीस वर्षांची गाडीसुद्धा पुरते. फक्त घेणाऱ्याच्या हातात सगळी माहिती हवी.

आणि इथे घरगुती विक्रीचा आपला मराठी प्रकार आडवा येतो. सांगलीत हीच गाडी घेतली असती तर तिच्याबरोबर कुणीतरी काका आले असते, आणि काकांबरोबर त्यांचा गॅरेजवाला मेस्त्री. त्यानं बॉनेट उघडलं असतं, बोट फिरवून वास घेतला असता आणि बाजूला नेऊन खरं काय ते सांगितलं असतं. नव्यानं आलेल्या माणसाला इथे काका नाही आणि मेस्त्रीही नाही. तो आपल्याकडे येतो तो आपल्यालाच काका समजून. डीलरकडे तो दहा प्रश्न विचारेल. आपल्याकडे विचारत नाही, कारण भाषा एक, पोहे समोर, आणि ताईला प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं. त्याच्या याच भिडेवर आपला सौदा झटपट होतो.

म्हणून माझी सूचना साधी आहे. आपल्या माणसाला गाडी विकताना अर्धा कागद लिहून द्यावा. त्यावर पाच गोष्टी न विचारता लिहाव्यात: यूलेझच्या नियमात बसते की नाही, आणि घेणारा कुठून कुठे जाणार आहे ते विचारून त्याला रोज काय पडेल. शेवटच्या तीन एमओटींतले शेरे, त्यातलं काय दुरुस्त केलं आणि काय नाही. अपघात किंवा विमा कंपनीची नोंद. येत्या वर्षात कोणता मोठा खर्च दिसतो. आणि शेवटी, मी ही गाडी का विकते आहे, खरं कारण. खाली सही. हा कागद दिल्यावर गाडी काही पौंडांनी स्वस्त जाईल. ते पौंड आपले नव्हतेच.

घेणाऱ्यांनाही एक विनंती. 'का विकताय' हा प्रश्न निघताना दारात विचारू नका. बसल्या बसल्या, पैसे ठरण्याआधी विचारा, आणि पहिल्या उत्तरावर थांबू नका. "आणखी काही कारण?" असं विचारा. समोर ताई असली तरी.

तिचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. मी गाडी परत घ्यायची तयारी दाखवली. तिच्या नवऱ्याला ते नको होतं. लंडनपासून बऱ्याच लांब राहणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला त्यांनी ती १,४०० ला विकली. विकताना त्याला यूलेझचं सगळं सांगितलं, म्हणून भाव पडला. फरकाचे ८०० पौंड आणि तोवर भरलेलं शुल्क मी पाठवलं. आधी तिनं ते परत केले, मग दुसऱ्यांदा ठेवून घेतले. ती आता १४२ नंबरच्या बसनं कामावर येते. गणपतीत भेटली तर बोलते, चांगलं बोलते. गाडीचा विषय दोघीही काढत नाही.

गेल्या महिन्यात आमची छोटी पेट्रोल गाडी विकायची होती. एक विद्यार्थी आणि त्याचा मित्र आले. मी अर्धा कागद पुढे केला. त्यानं तो दोनदा वाचला, 'ब्रेक डिस्क सहा महिन्यांत बदलाव्या लागतील' या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "मग दीडशे कमी करा, ताई."

कमी केले.